माळ्यावरचा काळा लोटा : बिदरी हुक्क्याची आणि आपल्या जुन्या जिल्ह्याची गोष्ट

आजची पोस्ट लांब आहे. आत्ता घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा. पण वाचा. विषय दिल्ली-मुंबईचा नाही, आपल्याच घराच्या माळ्यावरचा आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत उदगीर, निलंगा, अहमदपूर या पट्ट्यातले जुने वाडे भराभर उतरवले गेले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, पोरं पुण्याला गेली, माळवद गळायला लागलं, म्हातारी माणसं गेली. वाडा उतरवताना सागवानी खांबांना, तुळयांना, नक्षीच्या दारांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. तांब्या-पितळेची भांडी पोत्यात भरून मोडीत जातात. त्या पोत्यात कधी कधी एक काळपट, जडशीळ, गोल पोटाचं भांडं असतं. त्याला कान नाही, तोटी नाही, तोंड एवढंसं. घरात कोणालाच ते कशाचं ते सांगता येत नाही. "आजोबांच्या काळचा लोटा असेल" असं म्हणून ते वजनावर दिलं जातं.

तो लोटा नसतो. बहुतेक वेळा तो हुक्क्याचा तळ असतो, म्हणजे हुक्क्यात पाणी भरायचं भांडं. आणि त्या काळपट थराखाली चांदीची वेलबुट्टी निघाली, तर ते बिदरी काम असतं.

आता हुक्का म्हटलं की हल्ली आपल्याला हुक्का पार्लरवरची धाड आठवते. महाराष्ट्र सरकारने 2018 साली हुक्का पार्लरवर बंदी आणली आणि ते चांगलंच केलं. तंबाखूचं कौतुक करायला मी ही पोस्ट लिहीत नाही. तंबाखूने आपल्या भागातली किती घरं बसवली ते तुम्हीही जाणता. मी लिहितोय ते त्या भांड्याबद्दल. कारण त्या एका भांड्यात आपल्या भागाचा जेवढा इतिहास आहे, तेवढा आपल्या तालुक्याच्या कुठल्याही स्मरणिकेत मला सापडलेला नाही.

सुरुवात तंबाखूपासूनच करू. तंबाखू ही आपली नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर आली. 'तंबाखू' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आला. गोव्याच्या मागे लगेच विजापूरची आदिलशाही, त्यामुळे उत्तरेच्या आधी दख्खनला तंबाखूची चव कळली. अकबराने असद बेग नावाच्या आपल्या माणसाला विजापूरला वकील म्हणून पाठवलं होतं. 1604-05 च्या सुमारास तो परतला, तेव्हा त्याने विजापूरहून तंबाखू आणि जडावाची एक सुंदर नळी आणून बादशहाला नजर केली. अकबराने एक-दोन झुरके घेतले. दरबारच्या हकिमांनी लगेच आक्षेप घेतला की हे औषध आपल्या ग्रंथांत नाही. हे सगळं असद बेगने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे दिल्ली-आग्र्याला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली!

हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने लावला, अशी एक गोष्ट इंटरनेटवर जागोजागी सापडते. आता जरा तारखा ताडून बघा. हा हकीम 1589 सालीच वारला. असद बेग तंबाखू घेऊन दरबारात पोचला त्यानंतर पंधरा वर्षांनी. मग ही गोष्ट जुळायची कशी? व्हॉट्सअॅपवरचा इतिहास पुढे ढकलण्याआधी एवढी वजाबाकी तरी करावी.

पुढे जहांगीर बादशहाने 1617 साली तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. उपयोग काय झाला? शून्य. शंभर वर्षांच्या आत गावच्या चावडीपासून नवाबाच्या दिवाणखान्यापर्यंत हुक्का पोचला. गरिबाचा हुक्का नारळाच्या करवंटीचा. परदेशात हुक्क्याला 'नारगिले' म्हणतात, तो शब्द या नारळावरूनच पडला. आपण मराठी माणसांनी त्याच्या आवाजावरून नाव ठेवलं, गुडगुडी. धूर पाण्यातून जातो तेव्हा गुडगुड आवाज येतो, म्हणून गुडगुडी. गुळात मळलेली तंबाखू ती गुडाकू. हा शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो.

आता श्रीमंताला काही करवंटीतून गुडगुडी ओढणं शोभेना. त्याला दिवाणखान्यात गालिच्यावर चारचौघांत मांडता येईल असं भांडं हवं होतं. शिवाय एक व्यवहाराची अडचण होती. हुक्क्याच्या वरच्या टोकाला चिलीम, चिलमीत जळता विस्तव, मधे उभी नळी आणि बाजूने ओढायची लांब लवचिक नळी. नळीला हिसका बसला आणि हुक्का कलंडला, तर विस्तव थेट गालिच्यावर. म्हणून तळ जड हवा. लोखंड जड खरं, पण रोज पाणी भरल्यावर गंजणार. ओतायला सोपा, वजनाला भारी, पाण्याला टिकणारा आणि वर नक्षी मिरवणारा धातू पाहिजे होता. तो मिळाला बिदरला.

बिदर म्हणजे बहमनी सुलतानांची राजधानी. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली. मग बरीदशाही आली. 1619 साली विजापूरने ती गिळली, 1657 साली औरंगजेबाने किल्ला घेतला आणि पुढे सगळा मुलूख निजामाकडे गेला. बिदरी काम बहमनी काळात इराणहून आलेल्या एका कारागिराने सुरू केलं, अशी परंपरा बिदरचे कारागीर सांगतात. संग्रहालयांत आज ज्या सगळ्यात जुन्या बिदरी वस्तू दिसतात त्या सतराव्या शतकातल्या आहेत, आणि त्यांत हुक्क्याचे तळ भरपूर. म्हणजे बघा, तंबाखू दख्खनमध्ये रुजली आणि बिदरीला बहर आला, दोन्ही एकाच काळात. या कलेला मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं ते हुक्क्याने.

काळ्यावर पांढरं खुलवायची आवड बिदरला त्याच्याही आधीपासून होती. किल्ल्यातला रंगीन महाल पाहिलाय का? सोळाव्या शतकात अली बरीदच्या काळात तिथे काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे बसवून नक्षी केलीय. बिदरी भांडं हातात घेतलं की तोच महाल आठवतो. तिथे दगड आणि शिंपला, इथे जस्त आणि चांदी.

जस्ताची गोष्ट तर वेगळीच आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. बिदरीचा काळा धातू म्हणजे लोखंड नव्हे, पोलादही नव्हे. ते जस्त आहे, त्यात थोडं तांबं. आजचं प्रमाण साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असं सांगतात. जस्त वितळायला सोपं, 420 अंशांच्या आसपास वितळतं. पण दगडातून काढायला महाकठीण. कारण 907 अंशांना त्याची वाफ होते आणि खनिजातून ते सुटं करायला भट्टी त्याहून जास्त तापवावी लागते. तांबं-लोखंड भट्टीच्या तळाशी गोळा होतं, जस्त मात्र धुरासारखं उडून जातं. हाती काहीच लागत नाही.

ही वाफ पकडायची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भरायच्या, उलट्या लावायच्या, वरून तापवायच्या आणि खाली उतरणारी वाफ थंड करून धातू गोळा करायचा. हे काम तिथे बाराव्या-तेराव्या शतकापासून चाललं. वापरून झालेल्या मुशींचे ढीग आजही पडलेत, काही घरांच्या भिंतीही त्याच मुशी रचून बांधल्यात. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन नावाच्या माणसाने जस्त काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते 1738 साली. त्याच्या कितीतरी आधी बिदरचा कारागीर जस्ताचे हुक्के ओतत होता.

बिदरच्या आसपास जस्ताची खाण नाही. जस्त दूरवरूनच यायचं. पुढे चीनहूनही जहाजांनी जस्त हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागलं. चांदीही बाहेरचीच, परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून देशात येणारी. तंबाखू पोर्तुगीजांची, फुलांची नक्षी इराणी आणि मोगली वळणाची. बिदरचं स्वतःचं काय? दोन गोष्टी, हात आणि माती.

हात म्हणजे काय ते सांगतो. मी बातमीच्या निमित्ताने दोन-तीनदा बिदरला जाऊन हे काम बघितलंय. लाल माती, एरंडेल आणि राळ मळून साचा करतात. त्यात धातू ओततात. ओतीव वस्तू खडबडीत निघते, ती कानशीने घासून गुळगुळीत करतात. हुक्क्याच्या तळासारखं पोकळ भांडं असेल तर जुन्या पद्धतीत आत मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, वर पुन्हा माती. मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू. मग गुळगुळीत भांड्याला मोरचुदाचं पाणी फासायचं. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर टोकदार सळईने ओढलेली रेघ पांढरी उठून दिसते. ही रेघ हाताने काढतात, खाली छापा नाही की कागद नाही.

मग छिन्नी. रेघेबरहुकूम धातूत खाच पाडायची. त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा बसवून हलक्या हातोडीने ठोकायचं. डाग नाही, डिंक नाही. चांदी मऊ असते, ती खाचेत फुलून बसते आणि मग निघत नाही. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. पत्रा बसवला तर तहनिशान. चांदीचा पत्रा कोरून असा बसवला की नक्षी काळी आणि जमीन चांदीची दिसते, त्याला आफताबी. चांदी उठावाने वर आली तर जरबुलंद. लखनऊमध्येही बिदरी काम चालायचं, तिथे हा उठावाचा प्रकार जास्त. बिहारात पूर्णियाला, बंगालात मुर्शिदाबादला हे काम पोचलं होतं. पण नाव सगळीकडे एकच, बिदरी.

एवढं झाल्यावरही भांडं अजून राखाडी असतं. काळं करायचं काम शेवटी, आणि तिथे येते माती. बिदरच्या किल्ल्यातली माती. कुठलीही नव्हे, जुन्या बांधकामाच्या आडोशाला, जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही तिथली. ती माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम केलेल्या भांड्याला चोळतात. बघता बघता जस्त काळंभोर होतं आणि चांदी मात्र तशीच पांढरी राहते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूचा प्रयोग वाटला होता.

जादू नाही, रसायन आहे. आडोशाच्या त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात. ते आणि नवसागर मिळून पृष्ठभागावरचं जस्त थोडं खाऊन टाकतात, मग तिथे तांब्याचं प्रमाण वाढतं आणि त्याचा काळा थर धरतो. ते एक भाग तांबं कशासाठी, ते इथे कळतं. नुसत्या जस्ताला हा रंग धरत नाही. प्रयोगशाळेत हे गेल्या शतकात तपासलं गेलं. बिदरच्या कारागिराला ते शेकडो वर्षं हाताने माहीत होतं. मी एका वयस्कर उस्तादांना विचारलं, चांगली माती कोणती हे कसं ओळखता? त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "जबान को मालूम पडता साब." संपला विषय.

हुक्क्याच्या तळाचे दोन आकार लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. जुना आकार नारळासारखा गोल. सतराव्या शतकातले बरेच तळ असेच आहेत. गोल भांडं जमिनीवर आपलं आपण बसत नाही, त्याला खाली चुंबळीसारखं कडं लागतं. अठराव्या शतकात घंटेसारखा आकार आला, खाली रुंद आणि सपाट, वर निमुळता, आपल्या बुडावर पक्का बसणारा. दोन्हींना मान अरुंद आणि बहुतेक वेळा मानेला एक फुगीर कडं. नक्षी बहुधा फुलांची. कमानीत उभी रोपटी, खसखशीची फुलं, वेली. काहींवर तर पाणी, मासे, झाडं, इमारती असा अख्खा देखावा. पाण्याच्या भांड्यावर पाण्याचं चित्र, त्या कारागिराला गंमत कळत होती.

आणि हो, कारागिराचं नाव. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या आठवड्यात शिकवतात: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. या भांड्याला हे प्रश्न विचारले तर पाचांची उत्तरं मिळतात. 'कोण'चं मात्र क्वचितच. बिदरी वस्तूंवर सही करायची पद्धत फारशी नव्हती. संग्रहालयातल्या पाटीवर लिहिलेलं असतं 'बिदर, सतरावं शतक'. कुठल्या नवाबाकडे होतं तेही कधी कधी लिहिलेलं असतं. ज्याने महिनोन्महिने मान मोडून खाचा पाडल्या त्याच्या नावाची जागा कोरी. हा इतिहास आपल्या सवयीचाच आहे म्हणा. धरण मंत्र्याच्या नावाचं असतं, दगड फोडणाऱ्याच्या नावाचं नसतं.

कंपनी सरकारच्या काळात इंग्रज साहेबांनाही हुक्क्याने वेड लावलं. कलकत्त्यात साहेब जेवायला जायचे ते हुक्का सांभाळणारा खास नोकर घेऊन, त्याला हुक्काबरदार म्हणायचे. 1779 सालचं वॉरन हेस्टिंग्जच्या घरचं एक निमंत्रण प्रसिद्ध आहे. त्यात पाहुण्यांना विनंती आहे की हुक्काबरदार सोडून दुसरे नोकर आणू नयेत. म्हणजे बाकी सगळे नोकर चालतील नसले तरी, हुक्काबरदाराशिवाय साहेबाचं पान हलत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मात्र वारं फिरलं. चिरूट आला, मग सिगारेट आली, विडी आली. खिशात मावणारी तंबाखू आल्यावर पाच शेर वजनाचा हुक्का कोण सांभाळणार? साहेबांनी हुक्का सोडला, मग त्यांचं बघून इथल्या साहेबी वळणाच्या लोकांनीही सोडला.

खरं तर तिथेच ही कला संपायला हवी होती. ज्या वस्तूवर धंदा उभा, ती वस्तूच गेली. आपल्या डोळ्यांदेखत असे किती धंदे संपले! कल्हईवाले गेले, बुरूड कमी झाले, घोंगड्या विणणारे माग बंद पडले. बिदरी मात्र टिकली. 1851 साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि युरोपातल्या लोकांना त्या आवडल्या. कारागिरांनी हातातली छिन्नी तीच ठेवली आणि वस्तू बदलली. हुक्क्याच्या जागी फुलदाण्या, पानदान, अत्तरदाण्या, सिगारेटच्या डब्या, बटणं आली. आज कानातली आणि की-चेनसुद्धा करतात. 2005-06 मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कला जिवंत आहे. पण चांदी किलोला लाखाच्या वर गेलीय, आणि दिवसभर वाकून छिन्नी चालवण्यापेक्षा हैदराबादला डिलिव्हरीचं काम बरं असं कारागिरांच्या पोरांना वाटतं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिदर कर्नाटकात. आपला काय संबंध?

संबंध हाच तर या पोस्टचा मुद्दा आहे. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे की उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते? लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. आणि त्याआधी, हैदराबाद संस्थानच्या काळात, आपला जिल्हा बिदर. कोर्टाची तारीख बिदरला, कलेक्टरची कचेरी बिदरला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. त्या एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद वगैरे म्हैसूर राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आपण मुंबई राज्यात, म्हणजे पुढे महाराष्ट्रात.

भाषावार प्रांतरचना व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सीमाप्रश्नाच्या वादातही मला इथे शिरायचं नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की नकाशावर रेघ ओढली गेली आणि त्या रेघेबरोबर आपली आठवणही कापली गेली. महाराष्ट्राच्या पुस्तकात बिदरी येत नाही कारण बिदर कर्नाटकात. कर्नाटकचा अभ्यासक रेघेपाशी थांबतो कारण उदगीर महाराष्ट्रात. मधल्या मधे आपल्या वाड्यांत ज्या बिदरी वस्तू तीन-चार पिढ्या पडून होत्या, त्या मोजायचं काम कोणाचंच नाही. रेल्वेला विचारा, तिला अजून ही रेघ कळलेली नाही. उदगीर, कमालनगर, भालकी, बिदर अशी गाडी जाते, तिकीट काढा आणि बसा.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या तालुक्यात एका मोडवाल्याच्या दुकानात मी वेगळ्याच बातमीसाठी गेलो होतो. काट्याशेजारी घंटेच्या आकाराचा एक तळ पडलेला. एका बाजूने तडा गेलेला, कारण जस्त ठिसूळ, आपटलं की तडकतं. निम्म्या भागातली चांदी कोणीतरी टोकाने उचकटून काढलेली. राहिलेल्या भागात कमानी आणि त्यात एकेक फुलाचं रोप. मी विचारलं, हे कुठून आलं? तो म्हणाला, "वाडा पाडला त्यातलं. जस्त हाय, पितळेचा भाव नाय येत त्याला." मी विकत मागितलं तर म्हणाला, लॉटचा सौदा झालाय, उद्या गाडी येणार. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तोवर गाडी येऊन गेली होती. भट्टीत त्याचं काय झालं ते सांगायला नको. मोडवाल्याला मी बोल लावत नाही. तो भावाने घेतो, भावाने विकतो. ज्या घरात ते शंभर-दीडशे वर्षं होतं त्या घराला ते काय आहे हे माहीत नव्हतं, आणि त्या घराला सांगायचं काम आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांचं होतं.

म्हणून आता कामाचं सांगतो.

माळ्यावर असं भांडं सापडलं तर आधी वजन बघा, आकाराच्या मानाने जड लागेल. लोहचुंबक लावा, चिकटणार नाही. वर सांगितलेले दोन आकार आठवा: गोल नारळ किंवा घंटा, मान अरुंद, कान-तोटी नाही. नक्षी दिसली नाही तरी घाई करू नका. चांदीसुद्धा हवेने काळी पडते, त्यामुळे जुन्या भांड्यावर सगळंच एकसारखं काळं दिसतं. उजेडात तिरकं धरा, बोट फिरवा, चांदीची कड लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, राख, भांड्याची पावडर, काहीही नको. आंबट पदार्थ जस्ताला खातो आणि तो काळा थर निघून जातो. ज्याने किल्ल्याची माती जिभेवर ठेवून तो रंग आणला, त्याची मेहनत तुम्ही पाच मिनिटांत मोरीत वाहून घालवाल. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बस. आणि फोटो काढून ठेवा: समोरून, बुडाकडून, मानेचा.

विकायचंच असेल तर तो तुमचा हक्क आहे. गरज प्रत्येकाला असते. पण वजनावर विकू नका. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती कोणालाही आपल्या मनाने देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. 'पार्टी मुंबईची आहे, रोख देते, पावती नको' असं कोणी म्हणालं की समजून जा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरीचा एवढा संग्रह आहे की 1985 साली त्यावर सुसन स्ट्राँज यांचं स्वतंत्र पुस्तक निघालं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहे. जिथून ती आली त्या जुन्या बिदर जिल्ह्याच्या आपल्या भागात मात्र ती बघायला एक कपाट नाही.

एक कपाट. मी संग्रहालय मागत नाहीये, त्याचं भूमिपूजन होईल आणि पुढे काही होणार नाही, ते आपण पाहिलंय. एखाद्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या इतिहास विभागात काचेचं एक कुलूपबंद कपाट. ज्यांना द्यायचं ते देतील, ज्यांना द्यायचं नाही ते निदान फोटो आणि माहिती देतील: कुठल्या गावचं, कुठल्या घरातलं, घरात त्याला काय म्हणायचे. इतिहासाच्या पोरांना दरवर्षी तेच ते प्रकल्प देण्यापेक्षा दहा जुन्या घरांच्या नोंदी करायला लावा. पाच वर्षांत जी वही तयार होईल ती मुंबई-पुण्याचे अभ्यासक उदगीरला येऊन बघतील. नगरपालिकेतल्या आणि कॉलेजच्या संस्थेतल्या ज्या मंडळींना मी ओळखतो त्यांना ही पोस्ट टॅग करतोय. वाचली नाही असं म्हणायला जागा नको.

आणि दिवाळीला, लग्नाला, सत्काराला त्या प्लास्टिकच्या ट्रॉफ्या आणि शाली देणं एक वर्ष थांबवून बघा. गाडीत बसा, बिदरला उतरा, कारागिराच्या हातून एखादी छोटी डबी घ्या. घासाघीस जरा कमी करा. त्या डबीतली खाच कशी पडते ते समोर बसून बघा, म्हणजे किंमत आपोआप कळते.

तुमच्या घरात असं काही असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, नाहीतर मेसेज करा. नाव-गाव जाहीर करणार नाही. घर पडायला काढलं असेल तर पोतं काट्यावर चढायच्या आधी एकदा फोन करा, मी येऊन बघून जाईन. रात्री-अपरात्री केला तरी चालेल.

शेअर करताना नाव काढलंत तरी हरकत नाही, पण ते 'घासू नका' तेवढं काढू नका.